वर्ध्याहून मुंबईला, बीकेसीतल्या ब्रासरीत जेवायला बोलावलं आहे. माळकरी आहे, दारूला शिवत नाही. काय सांभाळू?

हळदवाली_समुद्रपूर

नमस्कार मंडळी. लांब लिहून राहिली, पण पूर्ण सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही.

आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या सात गावच्या बाया वायगाव हळदीचं काम करतो. बचत गटापासून सुरू झालं, आता शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि हिशोब माझ्याकडे आहे. २०१६ साली वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून फोन पुष्कळ येतात, पण बहुतेक भाव पाडून मागणारे. यंदा पहिल्यांदा मुंबईच्या एका मसाला कंपनीच्या खरेदीवाल्या मॅडमनी नमुना मागवला, प्रयोगशाळेत तपासला आणि स्वतः फोन केला. पुढच्या गुरुवारी सकाळी आम्हाला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नाबार्डच्या मुख्य कार्यालयात एका बैठकीला जायचंच आहे. मॅडम म्हणाल्या, त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला तिथंच जवळ जेवायला भेटू, त्या हॉटेलच्या शेफनाही तुमची हळद पाहायची आहे. पत्ता पाठवला. नावाखाली लिहिलं आहे, ब्रासरी अँड बार.

माझी अडचण या शेवटच्या शब्दापासून सुरू होते. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी कागदावर आहे आणि मोहाची गावोगाव गळते, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंनी गावातल्या बायांना घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्या फोडल्या होत्या. माझा धाकटा दीर दारूनंच गेला, एकतिसाव्या वर्षी. आमच्या गटाच्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर ठराव आहे की ज्या घरी दारू विकली जाते त्या घराला कर्ज नाही. आता मीच बार लिहिलेल्या दारातून आत गेली तर त्या बायांना काय सांगू?

बाकीचे प्रश्न लहान आहेत, पण झोप उडवतात. मी माळकरी, अंडंही खात नाही. तिथला मेनू मोबाइलवर पाहिला, अर्धे शब्द वाचता आले नाहीत. एक पदार्थ ११५० रुपयांचा आहे. आमच्याकडे निंदणाची मजुरी तीनशे. बिल त्यांनी दिलं तरी एवढं महाग काय मागवावं, आणि आपल्यालाच द्यावं लागलं तर? काटा-चमच्यानं कधी जेवली नाही. सोबत आमच्या कंपनीची कॉम्प्युटरवाली मुलगी आहे, तेवीस वर्षांची, तिची जबाबदारी माझ्यावर. तिच्या घरच्यांना मी बार हा शब्द अजून सांगितला नाही, आणि लपवून न्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

कोणी अशा ठिकाणी गेलं असेल किंवा काम केलं असेल तर सांगजा.


आर्वीकर_गुरुजी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी शाळेतून निवृत्त आहे, आपल्याच जिल्ह्यातला. माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नये.

मॅडमना माल हवा आहे तर त्यांच्या कार्यालयात बसून बोलता येईल. पंगतीत कोणाशेजारी बसायचं हे माणूस निवडू शकतो. तुमच्या सासूबाईंनी भट्ट्या फोडल्या, त्यांचं नाव आजही लोक घेत असतील. चंद्रपुरात २०१५ मध्ये बायांनी मोर्चे काढून दारूबंदी आणली आणि २०२१ मध्ये ती उठली. आपला जिल्हा अजून टिकून आहे तो तुमच्यासारख्या घरांमुळे. एक फोटो गावात फिरला तर पुढच्या वेळी भट्टीवाल्याच्या दारात उभं राहताना तुमचा आवाज खाली येईल.

व्यवहार बुडावा असं मला वाटत नाही. जागा बदलायला सांगा एवढंच. सांगायला लाजू नका.


पुसदचा_कॅप्टन

ताई, मी पुसदजवळच्या खेड्यातला. अकरा वर्षं झाली मुंबईत हॉटेल लाईनीत, शेवटची चार वर्षं अशाच एका ब्रासरीत कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे पाच-सहा टेबलं आणि त्यांवरची पोरं सांभाळणारा. तुमचं ठिकाण ते माझं ठिकाण नव्हे, पण घडी सारखीच असते. आत्ताच ड्युटीवरून आलो आणि हे वाचलं. रात्रीचा दीड वाजला आहे, तरी लिहून टाकतो.

गुरुजींचं मत मी मोडत नाही. पण आधी ब्रासरी म्हणजे काय ते ऐका, त्यातच तुमचा अर्धा मार्ग आहे. शब्द फ्रेंच. मूळ अर्थ बिअर बनवायची जागा. फ्रान्स आणि जर्मनीच्या मधे अल्सास नावाचा मुलूख आहे. १८७०-७१ च्या लढाईनंतर तो जर्मनीकडे गेला, तेव्हा तिथली बरीच माणसं पॅरिसला आली. त्यांनी आपली बिअर आणि आंबवलेली पत्ताकोबी विकायच्या जागा चालवल्या आणि त्यातूनच मोठमोठी जेवणघरं वाढली. त्यांची खूण अशी की किचन मधे बंद होत नाही. बाकीची बरीच मोठी हॉटेलं दुपारी तीनला शेगडी बंद करतात ती सातला पेटवतात. ब्रासरीत दुपारी चारलाही तोच मेनू मिळतो.

म्हणून मॅडमना म्हणा, आम्हाला रात्रीची गाडी आहे, दुपारी अडीचला भेटू. यात तीन फायदे. ऑफिसची गर्दी अडीचपर्यंत उठून जाते. बारच्या काउंटरवर त्या वेळी पोरगा ग्लास पुसत असतो, बसलेलं कोणी नसतं. आणि सगळ्यात मोठं, शेफ. रात्री साडेसात-आठला कोणताही शेफ तुमच्यासाठी दोन मिनिटं उभा राहू शकत नाही. त्याच्या समोर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग असते. दुपारी तीननंतर तो खुर्ची ओढून बसेल आणि तुमची हळद हातात घेऊन पाहील. तुम्हाला माल विकायचा आहे, तर वेळ तुम्ही निवडा.

बार म्हणजे एका भिंतीला लागून लांब काउंटर, समोर उंच स्टुलं, मागे बाटल्यांचे कप्पे. बाकी सगळं जेवणघर. मॅडमना सांगा, बुक करताना खिडकीजवळचं, काउंटरपासून लांबचं टेबल मागा. आम्हाला रोज असे फोन येतात, कोणी कारण विचारत नाही. बसल्यावर वेटर पहिलं विचारेल की ड्रिंक्समध्ये काय देऊ. तो त्याच्या कामाचा भाग आहे, त्यात दबाव नाही. फ्रेश लाईम सोडा म्हणा, की पुढे चालला. माझ्या टेबलांवर सहा जणांत दोघं-तिघं न पिणारे असतातच. तुमच्या सोबतच्या मुलीचं वय तेवीस म्हणता. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ पूर्ण लागतात, शिवाय परवाना. तिच्या आईवडिलांना हे सगळं आधी सांगा. लपवू नका, तुमचं मन बरोबर सांगते आहे.

आता जेवण. इथे नीट लक्ष द्या, कारण हिरवा ठिपका पाहून माळकरी माणूस फसतो. अशा किचनमध्ये शाकाहारी म्हणजे तुकडा नाही, एवढाच अर्थ धरणारे लोक आहेत. फ्रेंच ऑनियन सूप हे कांद्याचं सूप, पण कांदा शिजतो तो हाडांच्या पाण्यात, त्याला स्टॉक म्हणतात. कोंबडीचा असतो, नाहीतर म्हशीच्या हाडांचा. रिसोटो म्हणजे भाताचाच प्रकार, त्यातही स्टॉक आणि वर व्हाइट वाइन. सीझर सॅलडमध्ये पानंच दिसतात, पण त्याच्या ड्रेसिंगमध्ये खारवलेली बारीक मासळी आणि अंडं असतं. वूस्टर सॉस नावाचं एक काळं पाणी बऱ्याच गोष्टींत पडतं, त्यातही मासळी. मेयोनेझमध्ये अंडं. पार्मेझान चीज ज्या विरजणानं लावतात ते वासराच्या पोटातलं असतं. गोडात पन्ना कोटा आणि मूस घट्ट करायला जिलेटिन, म्हणजे पुन्हा हाडं-कातडंच. तिरामिसूत कच्चं अंडं आणि बहुतेक वेळा दारू. चॉकलेटच्या केकातही रम पडते कधी कधी.

घाबरवायला सांगत नाही. तुम्ही फक्त तीन वाक्यं बोला आणि मराठीतच बोला: मी अंडं खात नाही, मांस-मासळीचं पाणीसुद्धा चालत नाही, पदार्थात वाइन-रम नको. मग म्हणा, आत विचारून या. हे 'आत विचारून या' फार महत्त्वाचं. नवा पोरगा अंदाजानं हो म्हणून टाकतो. आत गेला की शेफला उत्तर द्यावंच लागतं. भाजलेली फुलकोबी, मशरूम, भाज्यांचा लासान्या, पास्ता, ब्रेड-लोणी यांतलं काही ना काही करून देतात. शेफ स्वतः टेबलावर येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. एक दिवस आधी सांगितलं की भाजीचा स्टॉक वेगळा चढवता येतो. ऐनवेळी नाही होत, तो तासभर उकळावा लागतो.

मेनू वाचता येत नाही म्हणता. ताई, तिथं वाढणारी अर्धी पोरं झारखंड, उत्तराखंड, मणिपूर आणि आपल्याकडची आहेत. आम्ही ते शब्द स्टाफरूममध्ये बसून पाठ केले आहेत. मला 'ग्रातँ' म्हणता यायला आठवडा गेला. त्याचा अर्थ आलूच्या चकत्या मलईत भाजलेल्या. बोट ठेवायचं आणि विचारायचं, यात काय आहे. विचारणारा माणूस आम्हाला आवडतो, कारण त्याचं ताट परत येत नाही.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. दोन-तीन जोड्या मांडल्या असतील तर बाहेरच्या बाजूची आधी, मग आतली. ब्रेड हातानंच तोडायचा, तो सगळे हातानंच खातात. डाव्या बाजूची लहान ताटली तुमच्या ब्रेडची, उजव्या बाजूचा ग्लास तुमच्या पाण्याचा. नॅपकिन मांडीवर. जेवण झालं की काटा-सुरी एकमेकांना लावून उभी ठेवा, मग आम्ही ताट उचलतो. फाकवून ठेवली तर समजतो की अजून जेवणार. काट्यानं जमलं नाही तर हातानं जेवा. मी चार वर्षांत कोणाला थांबवलं नाही आणि मी असताना कोणी थांबवणार नाही.

बसताच पाणी विचारतील, स्टिल की स्पार्कलिंग. दोन्ही बाटलीचं, आणि हॉटेलात बसून प्यायल्यावर छापील किमतीपेक्षा जास्त लावतात. साधं पाणी म्हणा, ते फुकट असतं.

पैशाचं म्हणाल तर बोलावणारा देतो, या धंद्यात तशीच रीत आहे. साडी नेसा, जी रोज चांगल्या कामाला नेसता ती. पायात बंद चप्पल असली की झालं.


नागपूर_ते_परळ

कॅप्टन दादांनी सगळं सांगितलं, मी फक्त बिलाचं सांगते, कारण मला ठेच लागली आहे.

मी उमरेडची, नोकरीला मुंबईत. गेल्या वर्षी आईबाबा आले तेव्हा त्यांना लोअर परळच्या एका अशाच जागी नेलं. बाबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. बिलात खाली दहा टक्के सेवाशुल्क जोडलेलं. मी विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, सगळेच देतात. बाबांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसणार होते, पण बाबा तलाठी कार्यालयात आयुष्य काढलेले, ते म्हणाले नियम दाखवा. नियम असा आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, देणं ग्राहकाच्या इच्छेवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं कायम ठेवलं. मी मोबाइलवर बातमी दाखवली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावते म्हटलं. पाच मिनिटांत नवं बिल आलं. बाबांनी मग वाढणाऱ्या मुलाच्या हातात वेगळे दोनशे ठेवले. त्यांचं म्हणणं, ज्यानं वाढलं त्यालाच पोचले पाहिजेत.

साध्या रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी ५ टक्के. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटात १८. तुमचं ठिकाण नुसतं रेस्टॉरंट असेल तर पाचच लागेल.

ताई, एक विचारू? तुम्ही हळदीचा खर्चाचा तक्ता सोबत नेता आहात ना? जेवणाच्या टेबलावर भाव ठरतो तेव्हा पोट भरलेलं असतं आणि माणूस हो म्हणून बसतो. कागद समोर असू द्या.


हळदवाली_समुद्रपूर

कॅप्टन भाऊ, रात्री दीडला बसून एवढं लिहिलं, तुमच्या माय-बापांना सुखी ठेवो देव. मॅडमना आजच फोन केला. दुपारी अडीच म्हटलं, त्या लगेच हो म्हणाल्या, उलट म्हणाल्या शेफही खूष होतील. खिडकीजवळचं टेबल अन् भाजीचा स्टॉक, दोन्ही सांगितलं. मुलीच्या घरी काल संध्याकाळी गेली आणि बार हा शब्द उच्चारूनच सांगितलं. तिचे बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तुम्ही सोबत आहात ना, जा.

गुरुजी, तुमचं म्हणणं मनात ठेवून चालली आहे. आवाज खाली येईल असं काही करणार नाही.

परळवाल्या ताई, तक्ता होता पण माझ्या वहीत. आता टाईप करून घेते.


हळदवाली_समुद्रपूर

जाऊन आलो. कापसाचा सीतादईचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा हंगाम, मजूर मिळेना, म्हणून लिहायला बारा दिवस लागले. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना कळलं पाहिजे काय झालं ते.

बुधवारी संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली, पहाटे दादरला उतरलो. तिथून जमिनीखालच्या मेट्रोनं बीकेसी, मधे शीतलादेवी आणि धारावी अशी दोनच स्टेशनं. नाबार्डची बैठक एक वाजता संपली. बाहेर आलो तर सगळीकडे काच. रस्त्यावर मोठी झाडं कमी आणि ऊन काचेवरून अंगावर येतं. दीड तास आम्ही एका इमारतीच्या सावलीत बसून घरच्या दशम्या अन् ठेचा खाल्ला, कारण मुलगी म्हणाली तिथं पोट भरेल की नाही सांगता येत नाही. ते फार बरं केलं. उपाशी माणसाला बोलता येत नाही.

आत गेल्या गेल्या थंडी वाजली, पदर खांद्यावरून घेतला. बाटल्यांचा कप्पा डाव्या हाताला होता, छतापर्यंत. मी पाहिला. मान फिरवली नाही. दीर आठवला. मग मॅडम उठून सामोऱ्या आल्या आणि आम्ही पार दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी बसलो. काउंटरवर कोणी नव्हतं, भाऊ म्हणाले तसंच.

वाढायला एक मुलगी होती, रांचीकडची. तिला मी तीन वाक्यं हिंदीत सांगितली आणि म्हटलं, बेटा अंदर पूछके आना. ती दोनदा जाऊन आली. मशरूमच्या पदार्थात वाइन निघाली. भाज्यांच्या सूपचा स्टॉक आमच्यासाठी वेगळा केला होता. गोडातलं सगळं अंड्याचं, तर तिनं स्वतःच सांगितलं की फळं कापून देते. मॅडमनी स्वतःसाठी वाइन मागवली नाही. मी तसं म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आज मी तुमच्यासोबत लिंबू सोडाच घेते. एवढी गोष्ट मी विसरणार नाही.

सव्वातीनला शेफ आले, पस्तिशीचे असतील, बाही वर केलेली, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. मी डब्यातून हळकुंडं काढली. त्यांनी एक उचलून दोन बोटांत मोडायला पाहिलं, मोडलं नाही, तर सुरीच्या मुठीनं ठेचलं अन् नाकाशी नेलं. बराच वेळ नाकाशी धरून होते. मग म्हणाले, आम्हाला जी पूड येते तिला रंग असतो, वास नसतो. मी म्हटलं, पूड दळून किती महिने झाले ते विचारा. हळकुंडात वास राहतो, दळली की उडत जातो. त्यांनी विचारलं तुमचा रंग असा खोल कसा. मग मी पूर्ण सांगितलं. जून लागता लागता बेणं लावतो, जानेवारी-फेब्रुवारीत खणतो, त्याच आठवड्यात उकडतो. जास्त उकडली तर आतून चिकट होते, कमी उकडली तर वाळताना मधे कच्ची राहते अन् घुण लागतो. गवताची काडी कंदातून आरपार गेली की उतरवायची. मग पंधरा दिवस अंगणात वाळवण, रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री. मग ड्रममध्ये घासणं. शेफ लिहून घेत होते. मी बोलत असताना कोणी लिहून घेतं हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं, एरवी मीच लिहिते.

त्यांनी आमचीच हळद, मॅडमकडे आलेल्या नमुन्यातली, लोण्यात घालून फुलकोबीवर ओतली होती. अख्खा गड्डा भाजलेला, वरून तपकिरी, आत मऊ. चांगलं होतं. पण हळदीला कच्चट वास होता. सांगू की नको असं झालं. समोर मोठा माणूस, जेवण त्यांच्याकडचं. मग वाटलं, माल आपला आहे, तो वाईट शिजला तर नाव आपलंच जाईल. मी म्हटलं, भाऊ, राग मानू नका, हळद शेवटी वरून नका घालू. लोणी पातळ झालं की मंद आचेवर आधी हळद घाला, फेस बसू द्या, कच्चा वास गेला की मग कोबी. अन् आच वाढवू नका, जळली की कडू. ते उठले. मला वाटलं चुकली. आठ-दहा मिनिटांनी लहान वाटीत नुसतं लोणी घेऊन आले, ब्रेड बुडवून सगळ्यांनी चाखलं. रंग केशरी झाला होता अन् घरच्या फोडणीसारखा वास सुटला होता. त्या रांचीच्या मुलीलाही त्यांनी चाखायला दिलं.

काटा मला जमला नाही नीट, कोबी घसरत होती. मी हातानं खाल्ली. मॅडमनीही मग काटा ठेवून दिला.

भावाचं बोलणं ताट उचलल्यावर झालं. तक्ता टेबलावर मांडला. खणणी, उकडणी, इंधन, वाळवणी, घासणी, पॅकिंग, वाहतूक. मॅडम ज्या भावावर सुरू झाल्या तो उकडणीचा खर्चही भरून काढत नव्हता. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी फोनवर कोणाशी तरी बोलून वाढवून दिला. आकडा इथं लिहीत नाही, बाकीच्या गटांचीही बोलणी सुरू आहेत. ठरलं ते असं: आधी दोन क्विंटल हळकुंड, ते पुन्हा तपासलं की दिवाळीनंतर मोठी मागणी. शेफना वेगळी पाच किलो. बिल मॅडमनी दिलं. निघताना रांचीच्या मुलीच्या हातात मी शंभर ग्रॅमची पुडी दिली.

फोटोचं सांगते, गुरुजींसाठी. मुलगी म्हणाली शेफसोबत फोटो घेऊ. उभे राहिलो तर मागे तोच कप्पा. मी शेफना म्हटलं, आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, आमच्या घरात माणूस गेलं आहे, इकडे खिडकीकडे या. ते लगेच सरकले. आता फोटोत मागे आकाश आहे अन् एक क्रेन.

रविवारी गटाची बैठक झाली. पहिल्याच वाक्यात सांगितलं की जागेच्या नावात बार होतं, आत बाटल्या होत्या, मी पाहिल्या. सासूबाई भिंतीशी टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पेली का कोणी तुह्यासमोर?" म्हटलं, "नाही मामी, पाणी अन् लिंबू सोडा पेलो." त्या म्हणाल्या, "मंग भाव सांग." अन् मी तक्ता वाचायला घेतला.


आर्वीकर_गुरुजी

ताई, सविस्तर लिहिलंत, आनंद वाटला. माझं मत बदललं आहे असं म्हणणार नाही. अशा बैठका कार्यालयात व्हाव्यात असंच मला अजून वाटतं. पण तुम्ही काही लपवलं नाहीत, त्या मुलीच्या घरीही नाही आणि गटातही नाही. मला याची काळजी होती. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.


पुसदचा_कॅप्टन

ताई, 'लोणी पातळ झालं की आधी हळद' हे मी काल आमच्या शेफला ऐकवलं. तो म्हणाला नमुना मागव. आमच्या किचनला महिन्याला दीड-दोन किलो लागते, जास्त नाही. पाठवता का? आणि अख्खं हळकुंड पाठवाल तर इथं दळायचं कशात? मिक्सरचं पातं जातं म्हणतात.


हळदवाली_समुद्रपूर

पाठवते भाऊ, दोन किलोलाही नाही म्हणत नाही. मिक्सरमध्ये थेट टाकू नका, पातं जाईलच. आधी खलबत्त्यात ठेचून हरभऱ्याएवढे तुकडे करा, तासभर उन्हात किंवा कोमट तव्यावर ठेवा, मग दळा अन् चाळा. वर उरलेला चोथा पुन्हा दळा. एका वेळी आठ दिवसांपुरतीच करा अन् काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवा. पत्ता मेसेजमध्ये टाकजा. मंगळवारी हिंगणघाटला पार्सल घेऊन जायचंच आहे, त्यातच तुमचं टाकते.